‘लहानपण देगा देवा’ : अक्षरे जास्त का भरतात?

प्रश्न

तुकारामांच्या ‘लहानपण देगा देवा’ या अभंगाची छंददृष्ट्या फोड करताना एका जागी अडलो आहे. लघु अभंगाच्या (अभंगाचा दोन चरणांचा छोटा प्रकार) चरणात साधारणपणे ८ अक्षरे अपेक्षित असतात, आणि ‘ऐरावत रत्न थोर, त्यासी अंकुशाचा मार’ किंवा ‘जया अंगी मोठेपण, तया यातना कठीण’ येथे ती नेमकी भरतात. परंतु प्रचलित पाठाच्या पहिल्या चरणात ९, ‘तुका म्हणे बरवे जाण’मध्ये ९ आणि ‘व्हावे लहानाहून लहान’मध्ये तर १० होतात. थोरवीच्या ओळी मापात आणि लहानपणाच्या मापाबाहेर, हे हेतुपुरस्सर मानावे काय?

उत्तर १

अर्थ मोहक आहे, पण आपण अक्षरे कागदावर मोजली आहेत. ‘लहान’चा बोलण्यातला उच्चार बहुधा ‘ल्हान’ होतो. ‘ल्हानपण देगा देवा’ आणि ‘व्हावे ल्हानाहून ल्हान’ असे म्हणून पाहिले, तर दोन्हीकडे ८ भरतात. ‘बरवे’मधील ‘र’ बोलताना अर्धा होतो, म्हणजे तोही चरण ८ वर येतो.

माझ्या मते खरी गंमत यमकात आहे. ‘देवा-रवा’ हे जोडपे सहज जुळते, पण ‘थोर’ला ‘मार’ आणि ‘मोठेपण’ला ‘कठीण’ जोडताना केवळ शेवटचे व्यंजन जुळते, आधीचा स्वर जुळत नाही. थोरवीचा उच्चार करावा आणि पुढच्याच चरणात तिची शिक्षा ऐकावी, अशी ही रचना आहे.

उत्तर २

उच्चाराचा मुद्दा बोलण्यापुरता ठीक. गाताना मात्र ‘ल’मधला अ सहसा गळत नाही. तेथे जादा अक्षर तालात सामावले जाते, कारण अभंगात वृत्तासारखा लघुगुरूंचा (ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांचा) क्रम बांधलेला नसतो.

‘तया यातना’ हे शब्द मात्र मोठ्याने वाचावेत. त-या-या-त ही अक्षरे उलटसुलट सारखीच येतात आणि लागोपाठच्या दोन ‘या’मुळे जीभ रेंगाळते. ते योजून केले असेल असे मी म्हणणार नाही, पण ओळ लक्षात राहते ती त्यामुळेच.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. ‘जाण-लहान’ हे ण-नचे यमक मी दोष म्हणून नोंदवले होते. ‘थोर-मार’ पाहिल्यावर ती नोंद खोडली. अक्षरसंख्या आता लेखी आणि उच्चारित अशा दोन रकान्यांत मांडतो.