मदत हवी आहे: नवऱ्याच्या कॉफीसाठी सायफन घेऊ की मोका पॉट?

पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे. रोज वापरात येईल अशीच वस्तू एकमेकांना द्यायची, ही आमची पद्धत. गेल्या वर्षी ह्यांनी मला बिडाचा तवा आणला आणि आठवडाभर रोज तेल लावून, तापवून, तयार करून हातात दिला. आता घावन अलगद सुटतात. याहून प्रेमाची भेट मला तरी माहीत नाही.

ह्यांना कॉफी जीव की प्राण. सासूबाईंच्या पितळी फिल्टरची भोकं बुजलीत, डिकॉक्शन उतरता उतरत नाही. ह्यांचं मन सायफनवर आहे: खालच्या काचेच्या गोळ्यातलं पाणी वाफेच्या दाबाने वर चढतं, आच काढली की कॉफी गाळून खाली येते. बघत राहावं असं! पण सकाळी डब्यांच्या घाईत ती काच टिकेल का? मला १९३३ पासून चालत आलेला इटालियन मोका पॉट (शेगडीवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी काढायचं धातूचं भांडं) बरा वाटतो.

साधा ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर चालत नाही, मग स्टीलचा घेऊ? तीन कपांचा गॅसच्या स्टँडवर डळमळतो का? चिकोरी मिसळलेल्या पुडीने जाळी तुंबते का? वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.