प्लाझा दे मायोच्या माता आणि कार्यकर्ते

प्रश्न : अर्जेंटिनाच्या लष्करी राजवटीत बेपत्ता झालेल्या मुलांसाठी १९७७ पासून ब्युनोस आयर्समधील प्लाझा दे मायो या चौकात फेऱ्या घालणाऱ्या, डोक्याला बाळाचे पांढरे लंगोट बांधणाऱ्या मातांशी बाहेरच्या कार्यकर्त्यांचे नाते कसे जुळले?

उत्तर १ : ब्युनोस आयर्समधील सांताक्रूझ चर्चमध्ये माता, कार्यकर्ते आणि फ्रेंच धर्मभगिनी आलिस दोमों एकत्र बसत; डिसेंबर १९७७ मध्ये, वृत्तपत्रातील निवेदनासाठी वर्गणी गोळा होत असताना धरपकड झाली आणि दोन-तीन दिवसांत मातांच्या संघटनेच्या संस्थापक असुसेना विय्याफ्लोर यांच्यासह बारा जण नाहीसे झाले.

उत्तर २ : घात मात्र आतूनच झाला. नौदल अधिकारी आल्फ्रेदो आस्तिस बेपत्ता तरुणाचा भाऊ म्हणून त्यांच्यात मिसळला होता, आणि मातांनी त्याला पोटच्या पोरासारखे जपले होते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. असुसेना यांचे अवशेष २००५ मध्ये ओळखले गेले आणि अस्थी त्याच चौकात पुरल्या, एवढेच ठाऊक होते.