रॉबर्ट टाफ्ट: घराण्याचं किती, स्वतःचं किती?

प्रश्न
मी नागपूर विद्यापीठात राज्यशास्त्रात एम.ए. करतोय. सेमिनारला अमेरिकेचे रिपब्लिकन सिनेटर रॉबर्ट टाफ्ट घेतलेत. वडील विल्यम हॉवर्ड टाफ्ट राष्ट्राध्यक्ष आणि नंतर सरन्यायाधीश, आजोबा मंत्री, मुलगा सिनेटर, नातू ओहायोचा गव्हर्नर. अशा माणसाचं स्वतःचं म्हणून काय मांडायचं?

उत्तर १
घराण्याचा फायदा झालाच, तो लपवू नको. ज्या शाळेत शिकले तीही काकांनी काढलेली. पण तिथे, येलला आणि हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्येही ते पहिले आले, हे लिही.

उत्तर २
बाळा, मी हिंगणा एमआयडीसीत युनियनचं काम केलेला माणूस. टाफ्ट म्हटलं की मला १९४७ चा टाफ्ट-हार्टली कायदा आठवतो आणि आजही राग येतो. १९४६ मध्ये तिकडे कोळसा, पोलाद, रेल्वे, सगळीकडे संप झाले. त्यानंतर हा कायदा आला. आधी युनियनचा सदस्य हो, मगच नोकरी, अशी अट घालायला बंदी. राष्ट्रीय आणीबाणीचा संप असेल तर कोर्टाकडून ८० दिवस थांबवायची सोय. युनियनच्या पुढाऱ्यांनी आपण कम्युनिस्ट नाही असं शपथपत्र द्यायचं! राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी व्हेटो वापरला, तर काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, तोही उलटवला. कामगाराचा हात बांधणारा कायदा होता, हे माझं ठाम मत.

तरीही या माणसाबद्दल मला आदर आहे. ऑक्टोबर १९४६ मध्ये, निवडणूक महिन्यावर असताना, त्यांनी ओहायोतल्या केनियन कॉलेजात न्यूरेंबर्ग खटल्यावर, म्हणजे महायुद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर चाललेल्या खटल्यावर, जाहीर टीका केली. गुन्हा घडून गेल्यावर केलेल्या कायद्याने शिक्षा देता येत नाही, हा त्यांचा मुद्दा. नाझींची बाजू घेतो म्हणून ओरड झाली, स्वपक्षातूनही झाली. त्यांनी शब्द मागे घेतला नाही. अशा वेळी आडनाव कामाला येत नाही, बाप्पा. १९५० मध्ये युनियनांनी त्यांना पाडायला जीव तोडून प्रचार केला, तरी चार लाखांवर मतांनी निवडून आले.

प्रश्नकर्ता
काकाजी, पण कन्झर्व्हेटिव्ह असून १९४९ च्या सरकारी घरबांधणी कायद्याला त्यांचा पाठिंबा काहून होता?

उत्तर २
हाच भाग सेमिनारला घे. सरकारने उद्योगात ढवळाढवळ करू नये म्हणणारे टाफ्ट, पण गरिबाला राहायला धड घर खाजगी बिल्डर देत नाही हे त्यांनी मान्य केलं आणि डेमोक्रॅट सिनेटर वॅग्नर, एलेंडर यांच्या बरोबरीने त्या विधेयकासाठी भांडले. बायको मार्था यांचंही नाव घे. त्यांचे वडील अमेरिकेचे सॉलिसिटर जनरल होते आणि नवऱ्यासाठी सभा गाजवायच्या त्याच. टाफ्ट स्वतः रुक्ष बोलायचे. लोकांना आपलंसं करून घेणं त्यांना जमत नसे, आणि मला वाटतं राष्ट्राध्यक्षपद हुकायला तेही एक कारण. १९४०, १९४८, १९५२, तिन्ही वेळा पक्षाने उमेदवारी दुसऱ्याला दिली. शेवटच्या वेळी शिकागोत आयझेनहॉवरशी अटीतटीची लढत झाली. हरल्यावर, राष्ट्राध्यक्ष झालेल्या त्याच आयझेनहॉवरसाठी सिनेटमध्ये बहुमतातल्या पक्षाचे नेते म्हणून काम केलं आणि जुलै १९५३ मध्ये कर्करोगाने गेले.