पन्नास रुपयांच्या दंडावर विसंबू नका

तुम्ही विचारलंत, की तुमचा भाचा मारामारीच्या केसमध्ये चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर (म्हणजे लगेच शिक्षा न होता, अटी पाळायची लेखी हमी देऊन) सुटला, मग दोनदा परिविक्षा अधिकाऱ्याकडे (अशा सुटलेल्यांवर देखरेख ठेवणाऱ्याकडे) हजेरी न देता मालवणहून ट्रॉलरवर गेला, आता काय होईल? त्यावर इथे कुणी उत्तर दिलंय, "पन्नास रुपये दंड भरा, विषय संपला." हे अर्धवट आहे, म्हणून लिहितोय.

१९५८ च्या परिविक्षा कायद्याच्या कलम ९ मध्ये पन्नास रुपयांपर्यंतचा दंड आहे खरा, पण तो पहिल्यांदा अट मोडली तरच. तोही न्यायालयाला वाटलं तर, आणि मुदतीत न भरल्यास मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. पुन्हा अट मोडल्याचं सिद्ध झालं, की ही पळवाट उरत नाही. अटक वॉरंट निघू शकतं किंवा समन्स, आणि समन्स जामीनदारालाही. म्हणजे ज्या काकांनी त्याच्यासाठी सही केली, त्यांनाही कोर्टाची पायरी चढावी लागेल.

त्याहून मोठं नुकसान कलम १२ चं. परिविक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. नंतर मूळ गुन्ह्यात शिक्षा झाली, की हे संरक्षण जातं. पोराचं वय बघता हेच मला जास्त लागतं.

मासेमारीच्या हंगामात खलाशी आठ-आठ दिवस समुद्रात असतो, हे अधिकाऱ्यालाही कळतं. पण ते आधी सांगायला हवं. परिविक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावर न्यायालय बंधपत्राच्या अटी बदलू शकतं, कलम ८ त्यासाठीच आहे. बोट बंदराला लागली की त्याला घेऊन आधी वकिलाकडे आणि मग अधिकाऱ्याकडे जा, तांडेलाकडून (बोटीच्या प्रमुखाकडून) कामाचं पत्रही घ्या. वॉरंटची वाट बघू नका.