मदत हवी आहे: १८६५ मध्ये मिसिसिपीच्या गव्हर्नरला आलेली तार

अमेरिकी यादवी युद्धात आणि त्यानंतर वॉशिंग्टनहून राज्यांच्या गव्हर्नरांना गेलेल्या पत्रांवर टिपण लिहितेय. १८६१ची ७५,००० सैनिकांची मागणी आणि केंटकीच्या मॅगॉफिनचा साफ नकार ‘ऑफिशियल रेकॉर्ड्स’ या युद्धाच्या अधिकृत छापील कागदपत्रसंग्रहाच्या तिसऱ्या मालिकेत मिळाले. अडलंय ते युद्धानंतरच्या पत्रांपाशी.

१५ ऑगस्ट १८६५ला अध्यक्ष जॉन्सन यांनी हंगामी गव्हर्नर शार्की यांना तार केली: राज्यघटना वाचता येणाऱ्या व सही करू शकणाऱ्या कृष्णवर्णीयांना, तसंच किमान २५० डॉलरची स्थावर मालमत्ता असून तिच्यावर कर भरणाऱ्या कृष्णवर्णीयांना मताधिकार देता आला तर पाहा. (केवढी मोठी गोष्ट ही!) छापील मजकूर माझ्याकडे आहे. काँग्रेस ग्रंथालयातले जॉन्सन यांचे कागद पाहिले, पण ती पाठवणाऱ्याची बाजू. मला शार्कींच्या कचेरीत पोहोचलेली प्रत हवी आहे, शेऱ्यांसकट. तिकडे जाणं शक्य नाही, स्कॅन चालेल. मिसिसिपीच्या दप्तरखान्यात हंगामी गव्हर्नरची आवक पत्रं कोणत्या नावाखाली शोधायची?