जानेवारीत लिस्बन: कपडे काय न्यायचे, बघायचं काय?

मुक्ता_भटकंती
नमस्कार मंडळी, जानेवारीत आईबाबांना घेऊन लिस्बनला जातेय. ॲपवर दिवसा १५ आणि रात्री ८ डिग्री दिसतंय, त्यामुळे बाबा म्हणतात एक स्वेटर बास झाला आणि आईने कानटोपीपासून जाड लोकरी कोटापर्यंत सगळं काढून ठेवलंय. नक्की काय न्यावं? आईचे गुडघे दुखतात, तर फार चढ नसलेलं काय बघता येईल?

दर्यावर्दी
त्या १५ वर जाऊ नका. ऊन असलं की मस्त वाटतं, पण अटलांटिकवरून दमट वारा सुटला की अंगात शिरतो, आणि पावसाचेही हेच दिवस. लोकरी कोट भिजला की दोन दिवस वाळत नाही, तो घरीच राहू दे. वारा-पाऊस दोन्ही अडवणारं टोपीवालं जाकीट, आत फ्लीस किंवा स्वेटर, त्याच्या आत पातळ थर्मल, म्हणजे ऊन आलं की एकेक काढता येतं. कानटोपी मात्र आईंची बरोबर आहे. छत्रीचा भरवसा नाही, वाऱ्याने उलटी होते.

अजून एक, जे कोणी सांगत नाही: तिथल्या बऱ्याच जुन्या घरांत सेंट्रल हीटिंग नसतं, बाहेरच्यापेक्षा घरातच जास्त गारठायला होतं. अपार्टमेंट घेत असाल तर हीटर आहे का ते आधी विचारा, आणि रात्रीसाठी जाड मोजे न्याच.

सावनी_क
कपड्यांइतकंच बुटांचं बघा प्लीज, आईंसाठी तर नक्कीच. फुटपाथवर चुनखडीचे छोटे छोटे पांढरे चौकोनी दगड बसवलेत, लोक चालून चालून ते इतके गुळगुळीत झालेत की जरा पाऊस पडला तरी पाय सटकतो, आणि उतारावर तर फारच जपावं लागतं. तळाला खोल खाचा असलेले रबरी सोलचे बूटच घ्या, नवे असतील तर इथेच वापरून पायाला सरावू द्या.

जुना_नकाशा
गुडघ्यांसाठी लिस्बनचा बेलें हा भाग उत्तम, नदीकाठी सगळं सपाट आहे आणि १५ नंबरची ट्राम थेट जाते. जेरोनिमुश मठ चुकवू नका. १५०१ मध्ये बांधायला घेतला, आतल्या चौकाच्या दुमजली कमानींवर दगडात जहाजाचे दोरखंड कोरलेत, ते अगदी जवळ जाऊन बघा. चर्चमध्ये शिरताच डावीकडे वास्को द गामाची समाधी आहे, शाळेच्या पुस्तकातला माणूस असा समोर दगडात झोपलेला बघून मी बराच वेळ तिथेच उभा होतो. सोमवारी मठ बंद असतो, तेवढं सांभाळा.

बाकी आकाश बघून ठरवा. पाऊस असेल तर ओशनारियु, १९९८ च्या एक्स्पोसाठी बांधलेलं मत्स्यालय, अर्धा दिवस आरामात जातो. लख्ख ऊन पडलं तर कैश दो सोद्रे स्टेशनवरून समुद्रकाठच्या कश्काइश गावाची लोकल पकडा, साधारण ४० मिनिटं लागतात, जाताना डावीकडे बसा म्हणजे आधी नदी आणि मग समुद्र दिसत राहतो. जवळच्या सिंत्रा या डोंगराळ गावी धुकं असेल तर तिथला टेकडीवरचा पेनाचा राजवाडा समोर असून दिसत नाही, त्यामुळे आधीपासून दिवस ठरवून ठेवू नका.

मुक्ता_भटकंती
खूप खूप आभार सगळ्यांचे! कोट रद्द, बूट आणायला उद्याच जातो. जुन्या वस्त्यांच्या चढउतारांवरून फिरणारी २८ नंबरची ट्राम आईला जमेल का?

सावनी_क
जमेल, पण सकाळी लवकर आणि प्राझेरेश या शेवटच्या स्टॉपवरून बसा, मधे चढलात तर उभंच राहावं लागेल. गर्दीत पाकीटमार असतात, पासपोर्ट जाकिटाच्या आतल्या खिशात, चेन लावून. आणि अंधार लवकर पडतो, साडेपाचच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हा उंचावरचा सूर्यास्त बघायचा असेल तर वर टॅक्सीने जा.