मदत हवी आहे: 'सॉप' म्हणजे काय? (अर्जंट)

घाईतली_जाई: इंग्रजी 'सॉप'चा अर्थ काय आणि तो शब्द आला कुठून? गूगलवर भलतंच येतंय. संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचाय.

परदेशी_पाहुणा: कोणत्या देशाचा व्हिसा? भाच्याचं एसओपी, म्हणजे तिकडे का शिकायचंय ते सांगणारं निवेदन, मीच लिहून दिलं होतं. 'लहानपणापासून आवड होती' अशी सुरुवात अजिबात नको.

फॅक्टरीवाला: एसओपी म्हणजे कामाची ठरलेली पद्धत. आमच्याकडे प्रत्येक मशीनवर लॅमिनेट करून लावलीय. वाचत कोणी नाही.

गोटूशेठ: जाईताई, आख्खं वाक्य द्या की.

घाईतली_जाई: अहो एसओपी नाही, सॉप! 'निर्यातदारांना सरकारचे सॉप्स' असं शीर्षक आहे. मी 'प्रोत्साहन' लिहिलं, तर संपादक म्हणतात तो इन्सेन्टिव्ह झाला.

शब्दखोर: बरोबर म्हणतात. सॉप म्हणजे मुळात दुधात, रश्श्यात नाहीतर वाइनमध्ये बुडवलेला पावाचा तुकडा. सूप, सपर त्याच गोतातले. दुसरा अर्थ रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनीड' या महाकाव्याच्या सहाव्या सर्गातून. पाताळाच्या दाराशी सर्बेरस हा तीन डोक्यांचा कुत्रा बसलेला. भविष्य सांगणारी सिबिल त्याच्यापुढे मध आणि गुंगीचं औषध घातलेला गोळा टाकते. तो भुकेला, तिन्ही जबडे वासून गिळतो आणि गुहाभर आडवा होतो. काव्याचा नायक इनिअस आत. तेव्हापासून गुरगुरणाऱ्याला गप्प करायला जे द्यायचं तो सॉप. आपल्या इंग्रजी पेपरांना शीर्षकात बसणारा आखूड शब्द मिळाला, मग करसवलत काय नि अनुदान काय, सगळंच सॉप.
इन्सेन्टिव्हच्या मुळाशी लॅटिनमधलं 'गाणं' आहे, सूर लावून देणं. कुत्र्याशी संबंध नाही.

गोटूशेठ: मग 'खिरापत' लिहा. विषय संपला.

फॅक्टरीवाला: खिरापत कसली? आधीच्या एमईआयएस या निर्यात योजनेवर अमेरिकेने डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली, ते एक वेळ ठीक. पण १ जानेवारी २०२१पासून रोडटेप ही योजना आहे. मालात मुरलेले कर परत मिळतात. आमचेच पैसे!

गोटूशेठ: निवडणुकीआधी वाटतात तेही कर परत का?

शब्दखोर: भांडू नका. जाई, बातमीत नेमकं दिलंय काय?

घाईतली_जाई: कर्जाच्या व्याजात सवलत.

शब्दखोर: हे आधी सांगायचं ना! 'निर्यातदारांना व्याजसवलत' करा. टोमणा मारायचा असेल तर अग्रलेखात मारा.

घाईतली_जाई: पाठवलं. धन्यवाद.

गोटूशेठ: खिरापतच बरी होती.